काळा टाइप

काकांच्या प्रेसमध्ये टाइप दोनच, पांढरा आणि काळा. बोल्ड हा शब्द मी फार उशिरा ऐकला, बहुतेक कॉम्प्युटरवर ते बी लिहिलेलं बटण पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच. खिळे, म्हणजे छपाईची सुटी सुटी अक्षरं, दोन्हीचे दिसायला सारखेच, शिसं, अँटिमनी आणि कथिल यांचे, राखाडी, हाताला थंड, पण कागदावर उमटले की एकाची ओळ करडी दिसायची आणि दुसऱ्याची काळीकुट्ट, म्हणून ती नावं. रोजचा मजकूर पांढऱ्यात, आणि काळ्याची केस, म्हणजे खिळ्यांचा खणाखणांचा ट्रे, वरच्या रॅकला, जिथे माझा हात पोचत नव्हता. मागितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही असा नियमच होता.

मिरजेत एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर प्रेस. एक ट्रेडल म्हणजे छपाईचं छोटं यंत्र, एक कटिंग मशीन, लाकडी रॅकमध्ये केसेस, आणि सगळीकडे शाई आणि रॉकेलचा वास. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असली कामं. शाळा सुटली की मी तिथेच असायचो, आधी नुसता बघायला, मग छापून झालेले खिळे परत आपापल्या खणात टाकायला, आणि सहावीच्या सुट्टीत काकांनी पहिल्यांदा हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची पट्टी, दिली.

पहिलं काम स्टँडसमोरच्या हॉटेलचं होतं. त्यांना भिंतीवर लावायला गाड्यांचं वेळापत्रक पाहिजे होतं, म्हणजे तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पंढरपूर, आरग, बेडग, म्हैसाळ, आणि पुढे गाड्यांच्या वेळा. मी दोन दिवस खपून सगळं जुळवलं, गावांची नावं पांढऱ्यात आणि वेळा काळ्यात, कारण वेळापत्रक म्हटल्यावर वेळच महत्त्वाची असणार असं मला वाटलं. काकांनी गॅलीवर, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायच्या ट्रेवर, नजर टाकली, काही बोलले नाहीत, चिमटा घेऊन वेळेचे आकडे एकेक उपसायला लागले. मला रडू यायच्या बेतात होतं. मग म्हणाले, अरे माणूस काय साडेदहा शोधत येतो का? माणूस जत शोधत येतो. जत सापडलं की साडेदहा शेजारीच उभे आहेत, ते कुठं पळून जात नाहीत. हे वाचायला नाहीये बाळा, शोधायला आहे.

मग गावं काळी झाली आणि वेळा पांढऱ्या. तो तक्ता त्या भिंतीवर बरीच वर्षं होता, तेलकट पिवळा झाला तरी होता, आणि मी येताजाता मुद्दाम बघायचो की लोक त्याच्यासमोर उभं राहून काय करतात. बोट गावांवरून खाली खाली यायचं, एका नावावर थांबायचं, मग आडवं सरकायचं. प्रत्येकाचं तसंच.

हे सगळं आत्ता लिहितोय कारण गेले काही महिने मी क्लॅरेंडन नावाच्या इंग्रजी टाइपाच्या मागे लागलोय आणि जितकं वाचावं तितकं काकांचं ते वाक्य समोर येतंय.

क्लॅरेंडनशी ओळख खरं तर प्रेसमध्येच झाली होती, फक्त नाव माहीत नव्हतं. डॉक्टर आणि वकील लोकांच्या लेटरहेडसाठी एक इंग्रजी केस होती, तिच्यावर खडूनं नुसतं इंग्रजी काळा असं लिहिलेलं. त्यातल्या कॅपिटल आरचा उजवा पाय खाली टेकून टोकाला परत वर वळायचा, म्हणजे मांजर शेपूट पायाशी ओढून घेऊन टोक तेवढं वर ठेवतं तसा. स्मॉल ए आणि सी यांच्या टोकाला गोल थेंब. मला ती अक्षरं फार आवडायची, खाऊसारखी वाटायची. पुढे पुण्यात कमर्शियल आर्टच्या कोर्सला लायब्ररीत टाइपांच्या नमुन्यांचं एक जाडजूड पुस्तक चाळताना अचानक तो आर समोर आला, तोच वळलेला पाय, आणि खाली क्लॅरेंडन. गावाकडचा माणूस परक्या शहरात बसमध्ये भेटावा तसं झालं मला.

तर हा टाइप १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून, म्हणजे टाइप ओतायच्या कारखान्यातून, बाहेर पडला. फाउंड्रीचा भागीदार रॉबर्ट बेस्ली, आणि प्रत्यक्ष पंच कापणारा कारागीर बेंजामिन फॉक्स. पंच कापणं म्हणजे पोलादाच्या बारक्या दांड्याच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकून साचा करायचा, आणि त्या साच्यात शिसं ओतून खिळे पाडायचे. प्रत्येक अक्षर वेगळं, प्रत्येक साइझ वेगळी, सगळं हातानं. नाव ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसवरून ठेवलं असं मानतात.

आता जाड अक्षर त्याच्या आधी नव्हतं का? होतं की, भरपूर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता, लॉटरीची पत्रकं, नाटकांची, लिलावांची, आणि भिंतीवर एकमेकांच्या शेजारी चिकटवलेल्या कागदांत आपला कागद उठून दिसावा म्हणून अक्षरं फुगत चालली होती. रॉबर्ट थॉर्न या फाउंड्रीवाल्यानं असले लठ्ठ टाइप काढले, उभी रेघ इतकी जाड की जवळजवळ चौकोनच, आणि आडवी रेघ केसासारखी बारीक. नंतर १८१५ च्या सुमाराला व्हिन्सेंट फिगिन्सनं दुसरा प्रकार आणला, त्यात सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाचे ते आडवे पाय, तेच विटेसारखे जाड आणि चौकोनी केले. ही सगळी लांबून ओरडून सांगायची अक्षरं होती. थॉर्न वारल्यावर त्याची फाउंड्री १८२० मध्ये विल्यम थोरोगुडनं विकत घेतली, ती लॉटरीत जिंकलेल्या पैशातून, आणि पुढे बेस्ली त्याचा भागीदार झाला. म्हणजे क्लॅरेंडन जन्मला त्या घरात पोस्टरची जाड अक्षरं वाडवडिलांपासून होती.

पण ती अक्षरं पुस्तकाच्या ओळीत बसत नाहीत. साध्या मजकुराच्या मधोमध एखादा शब्द त्या लठ्ठ टाइपात लावला तर तो अख्ख्या पानाला खड्डा पाडतो, शिवाय रुंदी इतकी की ओळच पुरत नाही. मग पुस्तकात एखादा शब्द उठवायचा असेल तर काय करायचे? कॅपिटल वापरायचे, किंवा तिरपा इटालिक, किंवा कायद्याच्या पुस्तकात वगैरे ती जुनी गॉथिक वळणाची काळी अक्षरं. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या डिक्शनरीत मूळ शब्द कॅपिटलमध्येच आहेत. कॅपिटल उठून दिसतात हे खरं पण शब्दाचा आकार घालवतात, वर गेलेले दांडे, खाली आलेल्या शेपट्या सगळं सपाट होतं आणि शब्द एक चौकोनी पट्टी होतो. इटालिक तर उलटं, वाचताना लक्षात येतं पण लांबून नजर फिरवली तर दिसतच नाही, कारण त्याचा काळेपणा बाकीच्या ओळीएवढाच.

बेस्ली आणि फॉक्सनं जो टाइप केला तो या फटीत बसणारा होता. साध्या रोमन टाइपाच्या शेजारी त्याच ओळीत, त्याच उंचीवर, फार जागा न खाता उभा राहील, आणि तरी नजरेला लगेच सापडेल असा. मूळचा क्लॅरेंडन म्हणूनच जरा अरुंद आहे. आज कॉम्प्युटरवर मिळतो तो ऐसपैस क्लॅरेंडन शंभर वर्षांनंतरचा, त्याच्याबद्दल पुढे बोलूच.

मला खरा जीव लागलाय तो ही जाडी कशी दिलीय त्यावर. लठ्ठ टाइपात फक्त उभी रेघ जाड होत गेली होती, बारीक रेघ बारीकच राहिली, त्यामुळे लहान साइझमध्ये छापलं की बारीक रेघ गायब आणि नुसते काळे ठोकळे शिल्लक. क्लॅरेंडनमध्ये बारीक रेघेलाही अंग दिलं. दोन्हींतला फरक आहे, पण भांडण नाही. फिगिन्सचे सेरिफ विटेसारखे चिकटवलेले होते, इथे उभा दांडा खाली येता येता हळूच पसरतो आणि वळण घेत सेरिफमध्ये उतरतो, झाडाचा बुंधा जमिनीपाशी रुंद होत मुळांत जातो ना तसं. हे वळण दिसायला छान आहेच पण कामाचंही आहे, कारण दांडा आणि सेरिफ काटकोनात भेटले तर त्या कोपऱ्यात शाई साठते आणि कडा फुगते, वळण असलं की काळेपणा सावकाश उतरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोट. आमच्याकडे अक्षराच्या आतल्या पांढऱ्या जागेला पोटच म्हणायचे. ई, ए, जी यांची पोटं क्लॅरेंडननं मोकळी ठेवली, स्मॉल अक्षरांची उंची वाढवून. जाड अक्षर म्हटलं की सगळे काळ्याकडे बघतात, पण ते वाचता येतं की नाही हे आतल्या पांढऱ्यावर ठरतं.

बरं, हे नेमकं १८४५ मध्येच का सुचलं असेल? मला वाटतं त्या काळी छापील कागदाचं कामच बदलत होतं. रेल्वे आल्या, त्यांची वेळापत्रकं आली, व्यापाऱ्यांचे कॅटलॉग आले, पत्त्यांच्या डिरेक्टऱ्या, दरपत्रकं, कोश, शाळेची पुस्तकं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची पुस्तकं होतीच, पण आता अशी पुस्तकं ढिगानं छापायला लागली जी कोणीच सलग वाचणार नाही, ज्यात प्रत्येक जण फक्त आपली एक ओळ शोधायला येणार. स्टँडसमोरच्या हॉटेलातला तो तक्ता, तोच प्रकार. शोधणाऱ्या माणसाची नजर वाचणाऱ्याच्या नजरेसारखी चालत नाही, ती उड्या मारत येते, तिला पाय टेकायला दगड लागतात. काळा शब्द म्हणजे तो दगड.

बेस्लीनं हा टाइप १८४२ च्या डिझाइन संरक्षणाच्या कायद्याखाली नोंदवला. संरक्षण मिळालं ते तीन वर्षांचं. तीन वर्षं संपली आणि बाकीच्या फाउंड्र्यांनी आपापले क्लॅरेंडन बाजारात आणले, इंग्लंडमध्ये आणि मग अमेरिकेतही. मला कॉपी करणाऱ्यांचा राग येतो, एका कारागिरानं डोळे फोडून कापलेले पंच आणि दुसऱ्यानं सरळ त्यावरून आपले पाडावेत हे मला कधीच पटलेलं नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की क्लॅरेंडन हे एका टाइपाचं नाव राहिलं नाही. इंग्लंडमधले छापखानेवाले कुठल्याही जाड टाइपाला क्लॅरेंडन म्हणायला लागले, हा शब्द क्लॅरेंडनमध्ये लाव म्हणजे हा शब्द जाड कर. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. बेस्लीचं पुढे चांगलं झालं हो, १८६९ मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. फॉक्सबद्दल मात्र लोक फारसं बोलत नाहीत. मेयर झालेल्या माणसाचं नाव टिकतं, पंच कापणाऱ्याचं शोधावं लागतं. आपल्याकडे सुद्धा निर्णयसागर म्हटलं की जावजी दादाजी आठवतात, आठवायलाच पाहिजेत, १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये छापखाना उभा करणारा माणूस तो, पण ज्या अक्षरांसाठी निर्णयसागर नावाजला त्यांचे पंच राणोजी रावजी आरूंच्या हातचे, आणि ते नाव कितीशा लोकांना माहीत असतं?

कोशाकडे वळतो, कारण क्लॅरेंडनचं सगळ्यात सुंदर काम मला तिथे दिसतं. जेम्स मरेच्या संपादनाखाली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, क्लॅरेंडन प्रेसकडूनच, आणि त्यात मुख्य शब्द क्लॅरेंडन टाइपात आहेत. एका पानावर तीन कॉलम, बारीक अक्षर, व्युत्पत्ती, अर्थ, शतकाशतकांतली उदाहरणं, सगळं गच्च. त्या दाटीत मूळ शब्द काळा. पान उघडलं की आधी फक्त काळे शब्द दिसतात, वरून खाली, आणि हवा तो सापडला की मग बारीक अक्षर दिसायला लागतं. नजरेची दोन कामं एकाच पानावर, आणि ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता गंमत बघा, आपल्या मोल्सवर्थच्या मराठी इंग्रजी कोशाला याची गरजच पडली नाही. पहिली आवृत्ती १८३१ ची, क्लॅरेंडनच्याही आधीची, आणि वाढवलेली दुसरी १८५७ ची. शब्द देवनागरी आणि अर्थ इंग्रजी. इंग्रजीच्या त्या समुद्रात शिरोरेषा घेऊन उभा असलेला मराठी शब्द मुळातच वेगळा दिसतो, जाड करा नाहीतर करू नका. मी कॉलेजात असताना मोल्सवर्थ तासन्तास चाळायचो आणि ते पान इतकं सोपं का वाटतं हे मला कळायचं नाही, मग एकदा लक्षात आलं की इथे काळ्या टाइपाचं काम लिपीच करतेय. पंचाईत होते ती मराठीचा अर्थ मराठीत देताना. तिथे मात्र काळा लागतोच, नाहीतर शब्द कुठे संपला आणि अर्थ कुठे सुरू झाला हेच कळत नाही.

आणि छपाईच्याही आधी हा प्रश्न होताच की. हस्तलिखित पोथ्या बघा, काळ्या शाईच्या मजकुरात उवाच, अध्यायाची समाप्ती असली ठिकाणं लाल शाईनं लिहिलेली किंवा गेरूनं रंगवलेली असतात. आजीकडे एक पोथी होती, तिच्यात ती बोटानं लाल जागा शोधत पानं उलटायची, कालच्या वाचनाची खूण मिळेपर्यंत. पुढे छपाई आली तेव्हा लाल रंग परवडेना, कारण दुसरा रंग म्हणजे तोच कागद दुसऱ्यांदा मशीनवर चढवायचा. काळ्या टाइपानं ते काम एकाच शाईत, एकाच छपाईत केलं.

पोस्टरवाल्यांनी पण क्लॅरेंडन उचलला. अमेरिकेत डॅरियस वेल्सनं १८२७ च्या सुमाराला लाकडी टाइप यंत्रानं कापायला सुरुवात केली होती, शिशाचा मोठा टाइप जड आणि महाग, लाकूड स्वस्त, त्यामुळे पुढे क्लॅरेंडनचे लाकडी अवतार हातभर उंचीचे सुद्धा निघाले. वेस्टर्न सिनेमात पकडून द्या, बक्षीस मिळवा असे जे कागद भिंतीवर दिसतात त्यातली ती सेरिफ ताणून जाड केलेली अक्षरं याच कुळातली. मला ती तितकीशी आवडत नाहीत. आवाज चढला की अक्षराचा स्वभाव जातो.

मग मधली काही वर्षं हा टाइप जुनाट ठरला, आणि १९५० नंतर परत आला. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ हास फाउंड्री होती, तिथे हेरमान आयडेनबेंझनं १९५३ मध्ये नवीन क्लॅरेंडन आखला, रुंद, शांत, गोल पोटांचा. हीच ती फाउंड्री जिथून चार वर्षांनी, १९५७ मध्ये, पुढे हेल्वेटिका या नावानं जगभर गेलेला टाइप निघाला. एकाच छताखाली एक टाइप सगळे पाय कापून टाकलेला आणि एक पायांवर घट्ट उभा, मला हे फार भारी वाटतं. अमेरिकेत फ्रीमन क्रॉनं १९५५ मध्ये आपला क्लॅरेंडन केला. तिथल्या नॅशनल पार्कमधल्या रस्त्यांच्या पाट्या कितीतरी वर्षं क्लॅरेंडनमध्येच होत्या, तपकिरी पाटी आणि पांढरी पायवाली अक्षरं. नंतर त्यासाठी रॉलिन्सन नावाचा खास टाइप करून घेतला, कारण क्लॅरेंडनची अक्षरं रुंद, नाव मोठं असलं की पाटी लांबच लांब होते. आणि आपल्या घराघरांत हे अक्षर आलं ते टीव्हीवर, सोनीचं नाव आठवा. एस, ओ, एन, वाय, जाड पाय, मोकळी पोटं, क्लॅरेंडनच्या घराण्यातलंच वळण. आमच्या शेजाऱ्यांकडे तो टीव्ही होता आणि क्रिकेट बघायला जमलेल्या गर्दीत मी एकटा खालच्या त्या चार अक्षरांकडे बघत बसायचो.

आता देवनागरीचं. हा भाग माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे म्हणून जरा सविस्तर बोलतो.

इंग्रजी अक्षर जाड करायचं तर मुख्यतः उभे दांडे जाड होतात आणि अक्षर दोन्ही बाजूंना पसरू शकतं. देवनागरीत आधी वर शिरोरेषा, ती जाड झाली की खाली दाबते. तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांची उतरंड. म्हणजे जाडी वाढली की ती वरून खालून आत येते, आणि आत आधीच गाठी आहेत. ध ची गाठ, भ ची गाठ, ष आणि ब चं तिरप्या रेघेनं कापलेलं पोट, क्ष तर विचारूच नका, आणि आपला ळ, दोन गोल डोळे असलेला. जाड करताना ही सगळी पोटं आणि डोळे एकेक करून मिटायला लागतात. शिवाय आपल्या अक्षराची जाडी येते बोरूच्या कापातून, आणि तो काप रोमन लेखणीच्या उलटा, त्यामुळे जाड बारीक पडण्याच्या जागाही उलट्या. इंग्रजीत चालणारी युक्ती जशीच्या तशी इथे लावली तर अक्षर सुजल्यासारखं दिसतं. शिशाच्या काळात यात आणखी भर म्हणजे देवनागरीच्या एका साइझला काहीशे वेगवेगळे खिळे लागायचे, मग काळा करायचा म्हणजे तेवढेच सगळे पंच परत कापायचे. काळ्या केसला हात लावायचा नाही हा काकांचा नियम कशासाठी होता ते मला असं वीस वर्षांनी समजलं, एक खिळा मोडला तर तो परत आणायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसायचा.

कॉम्प्युटरवर सगळं सोपं होईल असं वाटलं होतं. र. कृ. जोशींनी केलेला मंगल हा देवनागरी टाइप विंडोजबरोबर आला आणि युनिकोड मराठी घरोघरी पोचली, हे उपकार लहान नाहीत. पण त्याचा खरा बोल्ड विंडोज ७ बरोबर म्हणजे २००९ मध्ये आला. तोवर बोल्डचं बटण दाबलं की कॉम्प्युटर काय करायचा, तर त्याच अक्षराला सगळीकडून शाई फासायचा, रेघ बाहेरही जाड आणि आतही जाड, कुठलं पोट सांभाळायचं हे त्याला काय माहीत. आपण सगळ्यांनी तसली पत्रकं वाचलीत, परिपत्रकं, शाळेच्या नोटिसा, ज्यात ठळक केलेला शब्दच सगळ्यात कमी वाचता येतो. ते बघून मला खरंच वाईट वाटायचं. ज्या शब्दाला सापडावं म्हणून जाड केलं तोच मिटून जायचा.

हल्ली परिस्थिती पुष्कळ सुधारलीय. ‘एक टाइप’ नावाच्या मुंबईतल्या मंडळींनी मुक्ता नावाचा टाइप केला, बलू केला, आणि मोदक तर बघाच, अक्षर इतकं गुबगुबीत की आत पांढरी जागा म्हणजे नुसती चीर उरलीय, आणि तरीही क हा क वाचता येतो आणि ध हा ध. कुठली चीर ठेवली की अक्षर ओळखू येईल एवढंच शोधून बाकी सगळं भरून टाकलंय. कौशल्य म्हणतात ते हेच, आणि ही सगळी अक्षरं कोणालाही फुकट वापरता येतात.

कामात मात्र रोज एक भांडण होतंच. मध्ये एका संस्थेचं शेतकऱ्यांसाठी फवारणीच्या औषधांचं माहितीपत्रक माझ्याकडे आलं. आलेल्या फाइलमध्ये सगळंच ठळक, औषधाचं नाव ठळक, पंपाला किती मिली ते ठळक, हातमोजे घाला ठळक, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं तर आणखी ठळक. मी नम्रपणे म्हटलं की शेतकरी शेताच्या बांधावर उभा राहून हे बघणार, एका हातात बाटली असणार, तो आधी आपलं पीक आणि कीड शोधणार, तेवढंच काळं ठेवू, प्रमाण त्याच्या शेजारी पांढऱ्यात. ते म्हणाले, सगळंच महत्त्वाचं आहे. बरोबर आहे त्यांचं, सगळं महत्त्वाचं होतंच. पण शोधणाऱ्याला आधी काय सापडायला हवं हा प्रश्न वेगळा, आणि तो मला त्या दिवशी त्यांना समजावता आला नाही. पत्रक त्यांच्या मनासारखं छापलं गेलं. अजून टोचतं मला ते.

काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. प्रेस कधीच बंद झाली, ट्रेडल भंगारात गेला, खिळे वजनावर गेले. साखरेनं डोळ्यांवर परिणाम झालाय, मधलं नीट दिसत नाही, कडेनं दिसतं, त्यामुळे वाचायचं असलं की मान जराशी तिरकी करतात. पेपर हातात घेऊन बसतात अजून, मथळे तेवढे लागतात. गोळ्या दिवसातून चार वेळा, काही जेवणाआधी, काही नंतर, आणि काकू माहेरी गेल्या की गोंधळ होतो, म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्यासाठी एक तक्ता करून घेऊन गेलो. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हे काळ्यात, मोठ्ठं, आणि गोळ्या पुढे साध्यात. मुद्दाम टाइपाचं सगळ्यात जाड वजन, म्हणजे जाडीची शेवटची पायरी, निवडलं होतं, म्हटलं त्यांना लगेच दिसेल.

त्यांनी कागद खिडकीपाशी नेला, मान तिरकी केली, आणि आधी अंगठा फिरवला त्यावरून. शाई उमटलीय का, खिळा खोल बसलाय का ते बघायची जुनी सवय, लेझरच्या कागदावर हाताला काय लागणार आहे. मग बराच वेळ बघत राहिले.

म्हणाले, वेळा काळ्यात घेतल्यास ते बरोबर केलंस. इथं मी वेळच शोधणार आहे.

आणि मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, पण संध्याकाळचा ळ बघ. डोळे मिटलेत त्याचे. ध ची गाठ पण बुजलीय. जरा हलका काळा नाही का तुझ्याकडं?

मी तिथेच लॅपटॉप उघडला, एक वजन खाली आणलं, आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून परत प्रिंट काढून आणली. तो कागद आता गोळ्यांच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे, त्यांच्या उंचीला, जरा डावीकडे, जिथून त्यांना कडेनं नीट दिसतं.